व्हिसलरला येताय? आधी खोली बघा, मग बर्फ

ऑक्टोबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या तरी मावसभावाचा मित्र असतो. "दादा, व्हिसलरला नोकरी लागली. येताना काय काय आणू?" स्वेटर किती, लोणचं किती, चौकशी सगळी बॅगेची. राहायची सोय झाली का, असं मी विचारलं की पलीकडे शांतता. मी बारा वर्षांपूर्वी वाईहून इथे, कॅनडातल्या या स्कीच्या (बर्फावर फळ्यांनी घसरायच्या) गावात आलो, तेव्हा मीही लोणच्याच्याच काळजीत होतो. पहिला हिवाळा चौघांत एक खोली, त्यातही माझी गादी कपाटाच्या दाराला टेकलेली. कुणाला स्वेटर हवा असला की आधी मी उठायचं.

म्हणून पहिलं काम हे करा: नोकरीच्या पत्रात स्टाफ हाउसिंग, म्हणजे मालकाकडून राहायची सोय, लिहिलंय का, ते नीट वाचा. नसेल तर निघण्याआधी विचारा. फोटोवर भाळून, खोली न बघता कुणालाही पैसे पाठवू नका. ब्रिटिश कोलंबिया या आमच्या प्रांताच्या भाडेकरार कायद्यात डिपॉझिट अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. एखादा दोन महिन्यांचं मागत असेल तर तिथेच ओळखा. गावात नाहीच जमलं तर उत्तरेला पेम्बर्टन किंवा दक्षिणेला स्क्वामिश बघा. फक्त हिवाळ्यात पहाटेच्या शिफ्टला तिथून पोचणं सोपं नाही, हे धरून चाला.

खोलीची ही बोंब आजची नाही. १९७०च्या दशकात इथे स्कीवेडी पोरं येऊन राहायला लागली तेव्हाही घरं नव्हतीच. मग कुणी रानात सरकारी जमिनीवर झोपड्या ठोकल्या, कुणी पडक्या घरात घुसलं. त्यातलं 'टोड हॉल' नावाचं एक घर पाडायचं ठरलं, तेव्हा १९७३ मध्ये तिथल्या मंडळींनी फक्त स्की, बूट आणि टोप्या एवढ्यावर समोर उभं राहून फोटो काढला. त्याचं पोस्टर अजून गावात भिंतींवर दिसतं. आणि आज जिथे दगडी रस्ता, हॉटेलं, दिव्यांच्या माळा आहेत ना, ते व्हिलेज, म्हणजे गावाचा मधला भाग, तेव्हा गावाचा उकिरडा होता. अस्वलं चरायला यायची. १९७५ मध्ये नगरपालिका झाली आणि त्यानंतर उकिरड्यावर हे सगळं उभं राहिलं. अस्वलं मात्र जागा विसरलेली नाहीत, तेव्हा उन्हाळ्यात कचऱ्याची पिशवी रात्रभर बाल्कनीत ठेवायची नाही.

त्याआधी ही उन्हाळ्यात मासे धरायला यायची जागा होती. १९१४ मध्ये फिलिप नवरा-बायकोने आल्टा तळ्याकाठी रेनबो लॉज काढलं, त्याच वर्षी रेल्वेही आली. स्कीचं खूळ १९६०चं. १९६८चं हिवाळी ऑलिंपिक इथे भरवायचं असं काही लोकांनी ठरवलं. मूळचे नॉर्वेचे उद्योजक फ्रान्झ विल्हेल्मसेन त्यांचे म्होरके. धड रस्ताही नव्हता तेव्हा. ऑलिंपिक काही मिळालं नाही, पण १९६६ मध्ये माणसांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट सुरू झाल्या. त्या आजच्या क्रीकसाइड भागात, व्हिलेजमध्ये नाहीत. डोंगराचं नाव होतं लंडन माउंटन. ते धुकं-पावसाची आठवण करून देणारं नाव कोण घेणार? वर खडकांत शीळ घालणारे मार्मोट, म्हणजे खारीच्या जातीचे गुबगुबीत प्राणी, असतात, त्यांच्यावरून १९६५ मध्ये 'व्हिसलर' झालं. शेजारच्या ब्लॅककोम डोंगरावर स्की १९८० मध्ये सुरू झालं, आधी तो प्रतिस्पर्धी, १९९७ पासून दोन्ही एकाच मालकाचे. ऑलिंपिक शेवटी आलं ते २०१० मध्ये. खेळाडूंसाठी बांधलेल्या चीकमस क्रॉसिंगमधल्या घरांत आता इथले कामकरी लोक राहतात. नावं नोंदवून बरीच वाट बघावी लागते, पण राहायचा विचार असेल तर चौकशी लवकर करा.

नाव बदललं तरी लंडनची हवा गेलेली नाही. व्हिलेज ६७५ मीटरवर, व्हिसलरचा माथा २,१८२ वर. पसरणी घाट चढला की पाचगणीला हवा बदलते, तसंच इथे लिफ्टमध्ये बसून होतं. नोव्हेंबरात खाली धो-धो पाऊस आणि वर बर्फ. त्यामुळे जाड स्वेटरपेक्षा पाणी न शिरणारं जाकीट महत्त्वाचं. ते नवं घेऊ नका, गावातल्या री-यूज-इट सेंटरमध्ये जुनं चांगलं मिळतं.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. मी स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात बूट बसवतो. आपली माणसं थंडीच्या भीतीने दोन-दोन मोजे घालून येतात. एकच, पातळ, लांब मोजा घाला. जाड मोज्याने रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतो. पॅंट बुटात खोचायची नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलली जायला नको. 'जरा सैल द्या' म्हणणाऱ्याला मी सैल देत नाही. मग मी वजन, उंची, वय आणि स्की किती येतं ते विचारतो. इथे लाजून खोटं बोलू नका! त्यावरच बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीवर धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं ते ठरतं. फुशारकीने 'एक्सपर्ट' लिहिलंत तर पडताना स्की सुटणार नाही आणि गुडघा जाईल. वजन कमी सांगितलंत तर भलत्याच वेळी सुटेल.

स्नोबोर्डचे (दोन्ही पाय एकाच फळीवर) बूट मऊ, पण पहिले तीन दिवस बूड शेकून निघतं. नागानोला १९९८ मध्ये स्नोबोर्डचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा रॉस रेबाग्लियाती इथेच राहायचा, त्यामुळे दुकानात प्रत्येक पोराला बोर्डच हवा असतो. घ्या, पण शिकवणीसकट.

पहाटे धडाम-धुडूम ऐकू आलं तर घाबरू नका. हिमस्खलन होऊ नये म्हणून वर मुद्दाम स्फोट करून बर्फ पाडतात. मला पहिल्या दिवशी नरकचतुर्दशीच वाटली होती. दोरी बांधलेल्या भागात जायचं नाही. झाडांच्या बुंध्याशी भुसभुशीत बर्फाचा खड्डा असतो, त्यात उलटं पडलेला माणूस एकट्याने निघत नाही. झाडांतून जाताना जोडीदार हवाच, आणि तो दिसेल इतक्या अंतरावर.

विमा विसरू नका. प्रांताची आरोग्य योजना तुम्ही आलात तो महिना अधिक दोन महिने लागू होत नाही, आणि नेमकं त्याच काळात माणूस जास्त पडतो. खाजगी विमा घ्या, त्यात स्की-स्नोबोर्डच्या दुखापती धरल्यात का ते वाचा.

आई-वडील आले तर त्यांना पीक टू पीक गंडोल्यात, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात, बसवा. २००८ पासून दोन्ही डोंगरांना जोडणारी ही ४.४ किलोमीटरची वाट ११ मिनिटांत होते, आणि मध्ये खाली दरी ४३६ मीटर. माझी आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. उतरल्यावर म्हणाली, "परत त्याच बाजूने जायचंय ना?"

आणि हो, लोणचं नका आणू, व्हँकुव्हरजवळच्या सरेच्या दुकानांत भरपूर मिळतं. फक्त १ ऑक्टोबरपासून तिकडून व्हिसलरला येणाऱ्या रस्त्याला हिवाळी टायर सक्तीचे असतात, गाडी मागून घ्याल तर आधी टायर बघा. गोडा मसाला मात्र घरचा आणा, अर्धा किलो तरी.