परड्यात शेळ्या नि कोंबड्या

आमच्या कुडाळकडे परड्यात शेळ्या-कोंबड्या दिवसभर एकत्र फिरतात. रात्री मात्र त्या वेगळ्याच हव्यात, नाहीतर कोंबड्या गव्हाणीवर बसून फणसाच्या पाल्यात शिटतात आणि शेळी त्याला तोंड लावत नाही.

सगळ्यात जपायचं ते कोंबडीखाद्य. शेळीने ते भरपूर खाल्लं की पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, ती दगावूही शकते. खाद्य खुराड्याच्या आतच ठेवा, दार कोंबडी शिरेल एवढंच. करडू घुसत असेल तर भांडं आत उंच टांगा.

पावसात शेळ्यांना फळ्यांचा माच हवाच. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवा: लेंड्या खाली पडतात, खूर अडकत नाही, कोरडाही राहतो. मुंगसासाठी खुराड्याला बारीक जाळी मारा.