पालेभाजी पिवळी पडते? काढणीनंतरच्या या चुका टाळा

जुडी पिवळी दिसू लागली की बहुतेकांचा हात आधी पाण्याकडे जातो. पण कोमेजणं वेगळं आणि पिवळं पडणं वेगळं. कोमेजलेल्या पानातलं पाणी उडालेलं असतं, वेळीच पाणी मिळालं तर ते पुन्हा टवटवीत होऊ शकतं. पिवळ्या पानातलं हरितद्रव्य मोडलेलं असतं, तिथे पाण्याचा काही उपयोग नाही.

सगळ्यात मोठी चूक उन्हात काढणी करण्याची. काढल्यावरही पानांचं श्वसन चालूच असतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो आणि त्यातून पुन्हा उष्णता तयार होते. घट्ट बांधलेल्या जुड्यांच्या ढिगात तासाभराने हात घालून बघा, आत ऊब जाणवेल. म्हणून भल्या पहाटे काढा, लगेच सावलीत न्या, जुड्या सैल बांधा आणि रास न घालता हवेशीर क्रेटमध्ये उभ्या ठेवा. शेतातून आलेली ही उष्णता जितक्या लवकर उतरेल तितके जास्त दिवस भाजी टिकते. मला विचाराल तर बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

दुसरी चूक सहज नजरेआड होते: पिकलेली केळी, आंबे, सफरचंदं किंवा टोमॅटो भाजीशेजारी ठेवणं. या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो हरितद्रव्य मोडण्याची क्रिया वेगाने पुढे नेतो. बंद फ्रिजमध्येही हे घडतं.

पालक, मेथी, कोथिंबीर यांना 0 अंशाच्या जवळपासची थंडी आणि 95 टक्क्यांच्या वरची आर्द्रता मानवते. गोठू मात्र देऊ नका. बेसिल (परदेशी तुळस) याला अपवाद आहे, 10 अंशांखाली त्याची पानं काळी पडतात.

आर्द्रता हवी म्हणून भाजी ओलीचिंब ठेवू नका, सडते. पाणी निथळू द्या, भोकं असलेल्या पिशवीत घाला.

तरीही पिवळी पडली तर सुरुवात कुठून झाली ते पाहा. जुडीच्या पोटातून झाली असेल तर उष्णता अडकली होती. फळांजवळ ठेवलेली सगळी भाजी एकदम फिकी पडली असेल तर इथिलीनचा संशय घ्या. फक्त खालची, जुनी पानं पिवळी असतील तर दोष बहुधा साठवणीचा नाही: काढणीला उशीर झाला किंवा पिकाला नत्र कमी पडलं. अशी पानं जुडी बांधण्याआधीच खुडून टाका.