वाळू थोपवायची तर झाडं शेवटी लावा

बडोद्यात राहून उत्तर गुजरातेतल्या थराद-वावकडे किंवा कच्छच्या कडेला जमीन घेणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो: पाऊस पडला की भरपूर रोपं लावायची. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली काही वाळूखाली जातात, बाकीची शेळ्यांच्या पोटात. क्रमच उलटा आहे.

आधी चराई थांबवा. तारेचं कुंपण महाग पडतं, काट्याकुट्यांचंही चालेल. मात्र आसपासच्या मालधाऱ्यांशी, म्हणजे गुरं-शेळ्या पाळणाऱ्यांशी, बोलून घ्या, नाहीतर कुंपण रातोरात गायब. गवत वाढल्यावर कापून न्यायला देऊ, एवढं कबूल केलंत तरी निम्मं काम होतं.

मग वारा. उन्हाळ्यात तो नैऋत्येकडून येतो आणि उघडी वाळू उचलतो. १९५९ पासून जोधपूरला असलेल्या ‘काझरी’ या कोरड्या प्रदेशांवरच्या संशोधन संस्थेने रुळवलेली पद्धत अशी: टेकाडाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत, वाऱ्याला आडव्या, साधारण पाच-पाच मीटरवर काटक्यांच्या ओळी रोवायच्या. वारा दिशा बदलत असेल तर उभ्या ओळीही टाकून चौकटी करा. रुईच्या फांद्या, बाजरीचं सरमाड, जे हाताशी असेल ते वापरा. ओळ गच्च मात्र नको. वारा पुरता अडला की पलीकडे भोवरा होतो आणि तिथलीच वाळू उकरली जाते. थोडा आरपार जायलाच हवा. हे सगळं मृग लागण्याआधी उरका.

पहिला चांगला पाऊस झाला की या ओळींच्या आडोशाला गवत पेरा. जेसलमेरकडे शेवण चालतं. बनासकांठ्यात पाऊस थोडा जास्त, तिथे अंजन किंवा धामण. बी फारच हलकं असतं, फुंकरीने उडेल असं. म्हणून ते शेण, चिकणमाती आणि वाळूत कालवून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा आणि वाळवून टाका.

आता झाडं. प्रत्येक रोपाच्या उताराकडच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला, टोकं वर चढाकडे, म्हणजे वाहतं पाणी मुळाशी थांबतं. रोप सहा-नऊ महिन्यांचं घ्या: बोर, रोहिडा, आणि सर्वांत आधी शमी, म्हणजे गुजरातीतला खीजडो. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती हीच. तिच्याखाली बाजरी सुखाने येते.

झटपट वाढतो म्हणून गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, लावू नका. खारट जमीन पसरू नये म्हणून १९६० च्या दशकात तो कच्छमधल्या बन्नीच्या कुरणात आणला. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बिया सगळीकडे गेल्या आणि कुरणच गिळलं गेलं.

नर्मदेचा ४५८ किमी लांबीचा मुख्य कालवा बडोद्यावरून थेट राजस्थानच्या सीमेपर्यंत जातो, त्यामुळे थरादकडे पाणी मिळू शकतं. पण पाट सोडून रान भिजवलं की खालचे क्षार वर येतात. इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यात पाणी साचून जमिनी अशाच खराब झाल्या. ठिबकच वापरा, आणि मातीवर पांढरी पापडी दिसली तर आधी निचऱ्याची सोय करा.