फाटक्या लुगड्याची वाकळ

लुगडं विरलं म्हणून बोहारणीला देऊ नका, त्याची वाकळ म्हणजे गोधडी शिवा. धुवून कडक उन्हात वाळवा. काठ आधी काढून ठेवा, गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, तेच लागतात. मग नऊवारीचे सारखे चार तुकडे करा. दोन-दोन जोडले की वाकळीच्या दोन्ही बाजू झाल्या. मध्ये जुनी धोतरं, मऊ चादरी सपाट पसरा. मी एकदा नातवाची जीन्स घातली, दोन सुया मोडल्या! सिंथेटिक तर नकोच, घाम टिपत नाही.

कडेपासून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, ओळींत बोटभर अंतर. टाके लांब पडले तर पहिल्याच धुण्यात आतलं कापड गोळा होतं. दुपारी तासभर बसले तर माझी दीड महिन्यात होते. पावसाळ्याआधी उरकते, भिजलेली वाकळ लवकर वाळत नाही.