जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतंय? आधी वाट शोधा, मग बुजवा

आंब्याचा हंगाम संपला की पिकअपला जरा उसंत मिळते. ७-८ जूनला मृग लागतो, त्याच्या आधीचे हे आठ-दहा दिवस केबिनची गळती काढायला सगळ्यात चांगले. ऊन कडक असतं, सीलंट नीट सुकतं, भिजलेला फोम वाळतो. एकदा कोकणातला पाऊस सुरू झाला की गाडी कोरडी मिळणं चार महिने विसरायचं.

आमच्या पिकअपला ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी पाणी यायचं. पाणी काचेतूनच येत असणार असं धरून मी समोरच्या काचेच्या रबराभोवती सिलिकॉनच्या दोन नळ्या संपवल्या. पुढच्या पावसात पाणी तितकंच. त्या वर्षी डॅशखालचा फ्यूज बॉक्स हिरवा पडला आणि वायरिंगचं मोठं काम निघालं. पाणी काचेतून येतच नव्हतं, ते काचेखालच्या, वायपर बसतात त्या जाळीतून येत होतं. म्हणून कळकळीने सांगतो, गळती नेमकी कुठली हे डोळ्यांनी दिसेपर्यंत सिलिकॉनच्या नळीचं टोक कापू नका. पाणी थेंबतं तिथून आत शिरलेलं नसतं. ते पत्र्याच्या आतून, वायरीवरून, तळाला चिकटवलेल्या डांबरी शीटखालून वाट काढत सगळ्यात सखल जागी येतं. घाट चढताना मागे सरकतं, उतरताना पुढे येतं.

सगळं उघडं करा

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सीटचे बोल्ट सोडून सीट बाहेर घ्या, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढा आणि मॅट उचला. रबरी मॅट वरून कोरडी दिसते, पण तिच्या खालचा फोम किंवा नमदा आठवडाभर ओला राहू शकतो. तो पिळून दगडावर उन्हात टाका. पत्रा फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. ओल्या पत्र्यावर नवा थेंब दिसत नाही.

पण पुसण्याआधी जमलेलं पाणी कसलं आहे ते बोटाने बघा. पाऊस नसतानाही, फक्त एसी लावल्यावर स्वच्छ, बिनवासाचं पाणी येत असेल, तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. आपल्या दमट हवेत एसी भरपूर पाणी काढतो. इंजिनकडच्या बाजूला किंवा गाडीखाली ती नळी सापडते. तोंडाशी बसलेला चिखल काढून हलकी हवा मारली की बहुतेक वेळा काम होतं. पाणी बुळबुळीत, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर ते हीटरमधून झिरपणारं कूलंट. ते विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटता कामा नये. ते काम थेट मेकॅनिककडे द्या. बाकी सगळं पावसाचं पाणी.

दोन माणसं, एक पाइप, एक टॉर्च

एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. साधा बागेचा पाइप घ्या, धार हळू ठेवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर नको. त्या जोराने पाणी अशा फटीतूनही घुसतं जिथून पाऊस कधी येणार नाही, आणि मग चुकीची जागा बुजवली जाते.

नेम धरा खालून वर. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेखालची जाळी, मग समोरच्या काचेची खालची कड, बाजू, वरची कड, आणि शेवटी छत. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आतल्या माणसाने संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी. पावडरीत ओघळाची रेघ लगेच उमटते, आणि ती रेघ धरून वर वर जायचं. सापडलेल्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करा. एक जागा सापडली म्हणून थांबू नका. जुन्या गाडीत बहुधा दोन-तीन असतात.

काचेखालची जाळी

वायपर जिथे बसतात त्या जाळीखाली पत्र्याची एक पन्हळ असते. समोरच्या काचेवरचं सगळं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही कडांच्या भोकांतून चाकाच्या मागच्या बाजूला खाली उतरतं. त्याच पन्हळीतून केबिनला बाहेरची हवा मिळते. म्हणजे ती तुंबून भरली की पाणी हवेच्या तोंडातून सरळ आपल्या पायाशी.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी इकडे जास्त लक्ष द्यावं. डिसेंबर-जानेवारीपासून मोहोर गळतो. त्यावर तुडतुड्याचा चिकटा पडलेला असेल तर तो नुसता कचरा राहत नाही, धूळ धरून त्याचा काळा लगदा होतो आणि वाळल्यावर भोकाला बूच बसतं. मी जाळी काढली तेव्हा मूठभर निघाला, चिंचेच्या कोळासारखा, आणि त्यात फणसाचं एक पान अख्खं. सुरूच्या काड्याही अशाच अडकतात.

वायपरचे नट सोडा, जाळीचे स्क्रू काढा, कचरा हाताने उचला. तो पाण्याने आत ढकलू नका, भोकात आणखी घट्ट बसेल. भोक मोकळं करायला खराट्याचा हीर उत्तम. तो वाकतो आणि रंगाला ओरखडा पाडत नाही. मग तांब्याभर पाणी ओता आणि दोन्ही बाजूंना ते खाली पडतंय का बघा. एकाच बाजूने पडत असेल तर काम अर्धं झालंय. पन्हळ रिकामी असताना तिच्या सांध्यांवरून बोट फिरवा. सीलंट तडकलेलं असेल तर खरवडून, घासून, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा.

समोरची काच

जुन्या गाड्यांत काच रबरात बसवलेली असते, बऱ्याच नव्यांत ती चिकटवलेली असते. चिकटवलेली काच गळत असेल तर काचवाल्याकडेच जा. रबराची असेल तर घरी करता येतं.

उन्हाने रबर आकसतं, आणि कोपऱ्यात आधी फट पडते. बांबूची चपटी, गुळगुळीत कामटी घेऊन रबराची कड हलकेच उचला. आतली माती ब्रशने काढा, स्पिरिटच्या फडक्याने पुसा, सुकू द्या. आधी कुणी सिलिकॉन फासलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढा, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच धरत नाही. मग काचेसाठी मिळणारं पातळ, वाहतं सिलिकॉन रबर आणि काच यांच्या मध्ये सोडा. रबर आणि पत्रा यांच्या मधूनही पाणी येत असेल तर तिथेही. ते आपोआप फटीत उतरतं. २४ तास पाणी लागू देऊ नका.

सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलंय ना ते पाहा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते उघड्या पत्र्याला गंज धरवतं.

रबर कडक होऊन तडकलं असेल तर ते बदलावंच लागतं. नवं रबर काचेवर चढवा, त्याच्या बाहेरच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी फिरवा आणि दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून आत सोडा. साबणाचं पाणी लावा. तेल किंवा रॉकेल नको, रबर फुगतं. बाहेरचा माणूस तळव्याने काच दाबत राहतो, आतला दोरी सावकाश ओढतो आणि रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. काच बाहेर काढलेली असताना चौकटीचा पत्रा नक्की बघा. रबराखाली गंजाने खड्डे पडले असतील तर कितीही चांगलं रबर पाणी अडवणार नाही.

दारं

दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाही. काच आणि बाहेरच्या रबरपट्टीमधून थोडं पाणी उतरतंच, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार उघडताना आतून खळखळ आवाज आला तर ती भोकं बुजली आहेत. पुन्हा तोच हीर. ही भोकं सीलंटने बंद केलेली मी पाहिली आहेत. तसं कधीच करू नका, दार आतून सडतं.

भोकं मोकळी असूनही केबिनमध्ये पाणी येत असेल तर दाराचा आतला पॅड काढा. त्याच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. खिडकीची मशीन किंवा लॉक दुरुस्त करताना तो फाडतात आणि परत लावत नाहीत. जाड प्लास्टिक कापून ब्यूटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा. खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत गेली पाहिजे, म्हणजे पाणी दारातच उतरेल. सगळं मर्म त्या खालच्या कडेत आहे.

दाराच्या चौकटीचं रबर तपासायला वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट निघाली पाहिजे. एका कोपऱ्यात सैल असेल तर नवं रबर आणण्याआधी उघडं दार हाताने वर उचलून बघा. हललं तर बिजागऱ्या झिजल्या आहेत, आधी त्या दुरुस्त करा. नवं रबर लावलंत तर त्याचा सांधा खाली येऊ द्या.

छत, मागची काच, इंजिनकडचा पत्रा

छताच्या पन्हळीतल्या सांध्याला केसाएवढा तडा जातो आणि पाणी खांबातून थेट तळाला उतरतं. तडकलेलं सीलंट टोकदार हत्याराने काढा, पीयू सीलंट बोटाने दाबून भरा, सुकल्यावर रंग द्या. इथे दोन गोळे मळून लावायची इपॉक्सी पुटी नको. केबिन पिळवटते, पुटी कडक असते, महिन्याभरात तडा परत येतो. कॅरियरचे बोल्ट आणि अँटेनाचं भोक यांना रबरी वॉशरखाली सीलंट लावा. मागच्या काचेला समोरच्यासारखंच करा, ती सरकती असेल तर तिच्या खालच्या पट्टीतली माती आधी काढा.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यासाठी अंधार पडायची वाट बघा. एकाने बॉनेटखाली टॉर्च फिरवायचा, दुसऱ्याने डॅशखाली पाठीवर पडून बघायचं. उजेड जिथून येतो तिथून पाणीही येतं. वायरिंग किंवा केबल जाते त्या भोकातलं रबरी ग्रोमेट (कडं) कडक झालं असेल तर बदला. वायर वरून उतरत सरळ भोकात जात असेल तर बाहेरच्या बाजूला भोकाच्या खालपर्यंत तिला झोळ द्या, थेंब तिथेच गळून पडतो.

गंज

तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा. आवाज खणखणीत असेल तर गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा, प्राइमर मारा, सांध्यांना सीलंट, वर रंग. तळाची निघालेली रबरी बुचं नवी घाला. टोक आरपार गेलं तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि सीटच्या किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळ असेल तर त्यात चालढकल नको. वेल्डिंगआधी जवळची वायरिंग, डिझेलच्या नळ्या आणि डांबरी शीट बाजूला करून घ्या, आग लागते.

सगळं सुकलं की पाइपची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा, तशीच खालून वर. मॅट लगेच टाकू नका. पत्र्यावर नुसतं वर्तमानपत्र पसरून पहिल्या दोन मोठ्या पावसांत गाडी चालवा. कागद कोरडा राहिला की मगच फोम आणि मॅट घाला.