अँटिबायोटिकची रेंज काढण्याआधी बाजार कसा जोखावा

पुण्यात स्वतःची छोटी मार्केटिंग कंपनी काढणाऱ्यांना अँटिबायोटिकपासून सुरुवात करणं सोपं वाटतं. थर्ड पार्टीकडून (आपल्या ब्रँडचं औषध बनवून देणाऱ्या कारखान्याकडून) माल पटकन बनून येतो, डॉक्टर ही औषधं रोज लिहितात आणि सदाशिव पेठेतला ओळखीचा स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेता) पहिली ऑर्डर उचलतो. अडचण पुढे येते. जंतू औषधाला जुमानत नाहीत, डॉक्टर मॉलिक्यूल (मूळ औषधच) बदलतात आणि पेट्या एक्स्पायरीला लागतात. ऑर्डर देण्याआधी काय तपासायचं ते इथे सांगितलं आहे.

या धंद्याचं गणित इतर औषधांसारखं चालत नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवा. मधुमेहाची गोळी सुरू झाली की वर्षानुवर्षं चालते. अँटिबायोटिक पाच-सात दिवसांत थांबतं, आणि थांबायलाच हवं. शिवाय जे औषध बेसुमार खपतं, त्याला जंतू लवकर सरावतात. म्हणजे आजचा खप उद्याचा बाजार खातो. नवं औषध आलं तर डॉक्टर ते राखून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगलं होतं, गरजही होती, पण विक्री नगण्य राहिली. त्याचे हक्क पुढे सिप्लाने घेतले. म्हणून ‘महिन्याला किती खपतं?’ या आकड्यावर रेंज ठरवू नका. कुठल्या जंतूवर, कुठल्या रुग्णाला, किती दिवस, आणि अजून किती वर्षं हे औषध चालेल, ही चार उत्तरं एका कागदावर लिहून काढा.

अँटिबायोग्राम मागा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात असतं. एमआरला, म्हणजे डॉक्टरांना भेटणाऱ्या आपल्या विक्री प्रतिनिधीला, तिथे पाठवू नका, स्वतः जा आणि वर्षभराचा अँटिबायोग्राम पाहायला मागा. त्यात आडव्या ओळीत जंतू, उभ्या रकान्यात औषधं आणि चौकटीत टक्के असतात. शंभरातले किती जंतू त्या औषधाला दबतात, ते. वाचताना तीन गोष्टी बघा. त्या जंतूचे नमुने किमान ३० आहेत का? त्याहून कमी असतील तर टक्केवारीवर विसंबू नका. एका रुग्णाचा एकच नमुना धरलाय का? तोच रुग्ण चारदा मोजला गेला तर प्रतिरोध (जंतूंनी औषधाला न जुमानणं) फुगून दिसतो. आणि आयसीयू, वॉर्ड, ओपीडी वेगळे दाखवलेत का? आयसीयूचे आकडे बघून ओपीडीची गोळी ठरवली तर फसाल.

समजा, ओपीडीतल्या लघवीच्या नमुन्यांत ई. कोलाय या जंतूच्या ओळीत तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनखाली २५ आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइनखाली ८५. मग लघवीच्या जंतुसंसर्गासाठी याच सेफॅलोस्पोरिन गटातल्या सेफिक्सिमचा आणखी एक ब्रँड काढून तुम्ही बुडत्या होडीत बसताय. नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम हे जुनं, स्वस्त औषध आहे, पण तिथे खरी जागा आहे. त्याची मर्यादाही एमआरला पाठ असू द्या: ते मूत्राशयात काम करतं. संसर्ग किडनीत किंवा रक्तात असेल तर उपयोग नाही, आणि किडनी कमकुवत असेल तर ते टाळतात. फॉस्फोमायसिनच्या ३ ग्रॅमच्या एकाच डोसच्या सॅशेलाही अशीच जागा आहे.

सर्वात जास्त दुर्लक्षित संधी या जुन्या औषधांतच आहे, असं आमचं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकचे अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट करते: पहिला नेहमीच्या वापराचा, दुसरा जपून वापरायचा, तिसरा शेवटचा उपाय म्हणून राखलेला. २०३० पर्यंत जगातला किमान ७० टक्के वापर अ‍ॅक्सेस गटातला असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत ठरलं. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सेफॅलेक्सिन, नायट्रोफ्युरँटॉइन या गटात येतात. सेफिक्सिम, अ‍ॅझिथ्रोमायसिन, मेरोपेनेम वॉचमध्ये. कोलिस्टिन, लिनेझोलिड रिझर्व्हमध्ये. तुमची रेंज या तीन रकान्यांत मांडून बघा. सगळा माल वॉचमध्ये जात असेल, तर धोरणाचा वारा तुमच्या तोंडावर येणार आहे.

आयसीयूच्या मालात उतरायचं असेल तर

कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) न दबणाऱ्या जंतूंसाठी महागडी इंजेक्शनं विकायची स्वप्नं बरेच जण बघतात. तिथे औषध फोडणारं जंतूचं एन्झाइम कुठलं, हा प्रश्न सुटल्याशिवाय पाऊल टाकू नका. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टममधलं अ‍ॅविबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-४८ या एन्झाइमना रोखतं, एनडीएमला रोखत नाही. पाश्चात्त्य देशांत केपीसीचा त्रास मोठा आहे, आपल्याकडे एनडीएमचा. म्हणून तिकडे गाजलेलं इंजेक्शन इथे एकटं अपुरं पडू शकतं. डॉक्टर जोडीला अ‍ॅझट्रिओनॅम देतात, कारण त्याला एनडीएम फोडू शकत नाही आणि त्याला फोडणारी बाकीची एन्झाइम अ‍ॅविबॅक्टम अडवतं. ही जोडी समजली की ध्यानात येतं: अशा हॉस्पिटलला सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम देणाऱ्याकडे अ‍ॅझट्रिओनॅमही हवं. एक आहे आणि दुसरं नाही, तर रुग्ण अडकतो आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते.

साठ्याचा अंदाज बांधताना हमखास एक चूक होते. मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी, सात दिवस, म्हणजे एका रुग्णाला २१ व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या). महिन्याला आठ रुग्ण धरले की १६८. पण चांगल्या हॉस्पिटलात कल्चरचा (जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट आला की तिसऱ्या दिवशी औषध बदलून साधं देतात. आठपैकी पाचजणांचं असं झालं तर त्यांना ९ प्रमाणे ४५, उरलेल्या तिघांना ६३, एकूण १०८. महिन्याला ६० व्हायल पडून राहिल्या. मागच्या तीन महिन्यांत किती रुग्णांचं औषध मध्येच बदललं, हे हॉस्पिटलच्या फार्मसीला विचारा आणि त्या हिशोबाने माल भरा. औषध बदलू नये म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणं हा यावरचा उपाय नाही; त्यात रुग्णाचंही नुकसान आणि औषधाचंही.

किंमत आणि कायदा

मेरोपेनेम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अमॉक्सिक्लॅव्ह, अ‍ॅझिथ्रोमायसिन ही औषधं २०२२ च्या अत्यावश्यक यादीत आहेत, म्हणजे यादीतल्या स्ट्रेंग्थना सीलिंग प्राइस (सरकारने ठरवलेली कमाल किंमत) लागू आहे. त्या किमतीत किरकोळ दुकानदाराचे १६ टक्के धरलेले असतात. सीलिंग १०० रुपये असेल तर दुकानदाराचा दर सुमारे ८६ रुपये, स्टॉकिस्टचे ८ टक्के काढले की साधारण ७९. त्यात थर्ड पार्टीचा दर, वाहतूक, एमआरचा पगार, एक्स्पायरी आणि दहावर एक फ्रीची स्कीम बसते का ते मांडा. यादीबाहेरच्या औषधाची किंमत बारा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे सुरुवातीची एमआरपी घाईत ठरवू नका. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर जीएसटी ५ टक्के आहे. जुनी कोष्टकं फेकून द्या.

कॉम्बिनेशन (एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं) काढताना ‘राज्याचं लायसन्स आहे’ एवढ्यावर भागत नाही, केंद्रीय मंजुरीचा कागद मागा. केंद्राने २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ कॉम्बिनेशन बंद केली. छापून ठेवलेली फॉइल आणि कार्टन अशा वेळी एका रात्रीत रद्दी होतात. शेड्यूल एच-१ या कायद्यातल्या यादीमधल्या, फक्त चिठ्ठीवर विकायच्या औषधांसाठी दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं. तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, लेव्होफ्लॉक्सासिन यात येतात. बिनचिठ्ठीच्या विक्रीवर ज्याचा खप उभा आहे, त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. डॉक्टरांना भेटवस्तू देऊन धंदा करण्याला मार्च २०२४ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे.

माल कुठून, कसा

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि पेनेम यांचं उत्पादन एकमेकांपासून आणि इतर औषधांपासून वेगळ्या जागेत, वेगळ्या हवेवर व्हायला हवं. दुसऱ्याच औषधात उतरलेला कणभर पेनिसिलिनही अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. प्लँट स्वतः जाऊन बघा.

अमॉक्सिक्लॅव्ह ६२५ घेताना जास्तच काळजी घ्या. त्यात अमॉक्सिसिलिनच्या जोडीला असलेलं पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट हवेतला ओलावा ओढतं. पॅकिंग कच्चं असेल, तर पावसाळ्यात स्ट्रिप फाडल्यावर पांढरी गोळी पिवळट दिसते, कडेला तपकिरी ठिपके पडतात, वरचा थर फुगतो. क्लॅव्ह्युलॅनेट गेलं की नुसतं अमॉक्सिसिलिन उरतं आणि ज्या जंतूसाठी औषध लिहिलं तोच सुटतो. म्हणून अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु पॅकिंगचाच (दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल) आग्रह धरा, उत्पादनाच्या खोलीतल्या आर्द्रतेची नोंद मागा, प्रत्येक बॅचचा अ‍ॅनालिसिस रिपोर्ट घ्या, आणि गोडाऊन २५ अंशांखाली ठेवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये हे एसीशिवाय जमत नाही.

कच्च्या मालाचे दर हा वेगळा धोका. अमॉक्सिसिलिन ज्यापासून बनतं ते ६-एपीए आणि त्यामागचं पेनिसिलिन-जी यांसाठी देश अनेक वर्षं चीनवर अवलंबून राहिला. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशात पेनिसिलिन बनवलं, त्या शहरात हे लिहिताना वाईट वाटतं. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा प्लँट उभा राहिला आहे. तरीही दर हलतात, तेव्हा थर्ड पार्टीच्या कोटेशनवर मुदत लिहून घ्या आणि सहा महिन्यांचा माल एकदम बांधू नका.

नवा मॉलिक्यूल शोधण्याची हिंमत असलेल्यांसाठी पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर हे नव्या कंपन्यांना आधार देणारं केंद्र आहे. केंद्र सरकारची बायरॅक आणि कार्ब-एक्स हा आंतरराष्ट्रीय निधी सुरुवातीच्या टप्प्याला पैसा देतात. खरी दरी मंजुरीनंतर येते. ब्रिटनने २०२२ मध्ये दोन औषधांसाठी खपाशी संबंध न ठेवता ठराविक वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली. तुमच्या आराखड्यात मंजुरीनंतरच्या तीन वर्षांचा खर्च कोण उचलणार याचं पान नसेल, तर आराखडा अपुरा आहे.

परत आलेल्या एक्स्पायरी मालाची तरतूद पहिल्याच करारात करा: कोण परत घेणार, किती दिवसांत, जाळण्याचा खर्च कोणाचा. सिरप बेसिनमध्ये ओतू नका, गोळ्या कचऱ्यात टाकू नका. नाल्यातून मुळा-मुठेत गेलेलं औषध तिथल्या जंतूंनाही सराव देतं. बॅचनिहाय यादी करून अधिकृत इन्सिनरेटरला द्या आणि त्याचा दाखला फाइलला लावा.