दिव्यांग हक्कांसाठी लढताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

आमच्या तालुक्यात पहिलं निवेदन द्यायला अकरा जण गेलो होतो, तीनचाकी सायकली, कुबड्या, एक भाऊ पूर्ण अंध. साहेबांनी हसत कागद घेतला, फोटो झाला अन् संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला तोच फोटो. सहा महिन्यांनी विचारायला गेलो तर क्लार्क म्हणे कोणतं निवेदन, आवक नंबर सांगा. नंबर कुठून आणणार भो, आमच्याकडे नुसता फोटो!

म्हणून आधी हे शिका. साहेबांच्या हातात द्यायचं तर द्या, पण दुसरी प्रत आवक-जावकच्या टेबलावर न्या आणि शिक्का, तारीख, नंबर पडल्याशिवाय हलू नका. क्लार्क जेवायला गेला असेल तर बसून राहा, आपल्याला कुठं एसटी पकडायचीय.

त्या कागदावर आम्ही लिहिलं होतं "मेहेरबान साहेबांनी अपंग बांधवांना सहकार्य करावे". मग सहकार्य मिळालं ना, ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, ब्लँकेट आणि बिस्किटचा पुडा. मदत मागितली की मदतच मिळते. आता आम्ही थेट २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम टाकतो (१९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे तो), आणि एका कागदावर एकच मागणी. पहिल्यांदा चौदा मागण्या एकत्र लिहून कलेक्टर ऑफिसला दिल्या होत्या, निराधारचं काम तहसीलला, सर्टिफिकेटचं सिव्हिलला, पाच टक्क्यांचं ग्रामपंचायतीला, मग तो कागद फिरत बसला अन् फिरता फिरता गायबच झाला.

पाच टक्क्यांवरून सगळ्यात जास्त डोकं फिरतं. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. विचारलं की ठरलेलं उत्तर, "घरपट्टीची वसुलीच नाही आबा". इथं भांडण करणं ही चूक, भांडलात की विषय भांडणाचा होतो. त्यापेक्षा माहिती अधिकार टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागच्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न किती आणि त्यातल्या ५ टक्क्यातून कोणाला काय दिलं, बस. आमच्या एका मित्राने त्यातच गटार, रेशन, शाळेचं पत्र्याचं छत सगळं घुसवलं आणि अर्ज परत आला, कारण महाराष्ट्राच्या नियमात विषय एकच अन् १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील. आमच्या "वसुली नाही" वाल्यांचं एका वर्षाचं उत्पन्न कागदावर २ लाख ८० हजार निघालं, म्हणजे आपले १४ हजार. तो कागद १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला, मग मात्र सगळे चहा प्यायला बोलवायला लागले.

तरीही हलेनात तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, आवक नंबर जोडून. त्यांनी शिफारस केली की त्या ऑफिसला काय कारवाई केली ते तीन महिन्यांत आयुक्तांना कळवावं लागतं.

रॅम्प झाला म्हणून पेढे वाटू नका, आधी टेप लावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हा हिशोब. सहा इंची तीन पायऱ्या असतील तर १८ फुटांचा रॅम्प पाहिजे, आमच्याकडे एका ठिकाणी सहा फुटात उरकला होता, वरून सायकल सोडली तर थेट गेटबाहेर!

अजून एक, संघटना म्हणजे फक्त पोलिओवाले आणि अंध असं आम्ही कितीतरी वर्ष धरून चाललो. कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पण आहे. नंदुरबारकडे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेलचे पेशंट कमी नाहीत, अन् त्यांना आपण यात बसतो हेच माहीत नसतं. आणि सर्टिफिकेटवर ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्यांना "तुमचं काही नाही" म्हणून परत पाठवू नका, आरक्षणाला ४० लागतात, भेदभाव करू नये हे कलम सगळ्यांना लागू आहे.

शेवटची चूक सांगायला लाज वाटते. हक्कांची मीटिंग आम्ही ठेवली पहिल्या मजल्यावर, हॉल फुकट होता म्हणून. दोघांना उचलून न्यावं लागलं, एक ताई खालूनच परत गेली. कर्णबधिर पोरं आली होती ती दोन तास नुसती आमच्या तोंडाकडे बघत बसली, सांकेतिक भाषा येणारं कोणी बोलावलंच नव्हतं. आता मीटिंग पारावर असते. म्हणजे पाराखाली, कारण पारालाही दोन पायऱ्या आहेत.